संगणकाची घरघर आणि आतली धूळ

महोदय,

शहरातील एका अभ्यासिकेत मी रोज संध्याकाळी वाचायला बसतो. तेथील सहा-सात डेस्कटॉप संगणक एकदम चालू झाले की शेजारी पिठाची गिरणी सुरू झाल्याचा भास होतो. तक्रार केली तेव्हा ‘यंत्रे जुनी झाली, नवीनच घ्यावी लागतील’ असे उत्तर मिळाले. हे निदान मला घाईचे वाटते.

माझे घर पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी आहे. गेल्या महिन्यात घरच्या संगणकाचे बाजूचे झाकण उघडले, तेव्हा प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्या यांच्यामध्ये सुताच्या तंतूंची नि धुळीची करडी गादीच जमलेली दिसली. अशा वेळी हवा पट्ट्यांपर्यंत पोहोचत नाही, प्रोसेसर तापतो आणि त्याला थंड ठेवण्यासाठी पंखा अधिक वेगाने फिरू लागतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की ही घरघर आणखी वाढते. वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने व ब्लोअरने धूळ काढली आणि प्रोसेसर व पट्ट्या यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, एवढ्यावरच यंत्र शांत झाले. वीजपुरवठ्याचा डबा (एसएमपीएस) मात्र घरी उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतभार राहतो.

साफसफाईनंतरही आवाज उरलाच, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्याचा वेग तपमानानुसार कमी-जास्त होईल असे ठरवता येते. कॅबिनेटमध्ये जागा असल्यास ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा बसवावा; तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते, तिच्याऐवजी बसवता येणाऱ्या एसएसडीत (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) मात्र फिरणारा भागच नसतो.

आवाज दबावा म्हणून कॅबिनेटवर चादर टाकलेली मी पाहिली आहे. सोलापुरात चादरींची वाण नाही हे खरे, परंतु त्याने हवेची वाट बंद होऊन पंखा उलट जास्तच ओरडतो. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेल्या संगणकाचेही तेच होते.

अभ्यासिका चालवणाऱ्यांनी नव्या खरेदीचा विचार करण्याआधी, मार्च संपण्यापूर्वी एकदा ही झाकणे उघडावीत, एवढीच विनंती. आमच्या अभ्यासिकेने परवानगी दिल्यास एखाद्या रविवारी ब्रश घेऊन यायला मी तयार आहे.

– एक वाचक, सोलापूर