धुतलेला गोठा आणि वाहून गेलेलं खत

मा. संपादक,

नैसर्गिक शेतीवर बोलताना शेणाचं कौतुक फार होतं. मूत्राचं नाव कुणी काढत नाही. माझ्याकडे दोन गाई, पाच शेळ्या आणि दीड एकर जमीन. बरीच वर्षं मी गोठा रोज लख्ख धुवायचे, अभिमानाने! मग कळलं, की जनावराच्या मलमूत्रातलं, पिकाला लागणारं नत्र (नायट्रोजन) बरंचसं आणि पालाश (पोटॅश) तर बहुतांश मूत्रातच असतं. म्हणजे खत मीच नाल्यात सोडत होते. आता खाली वाळका पाला, भुसा जाड अंथरते. तो मूत्र शोषतो आणि नत्र अमोनिया होऊन कमी उडतं. (गोठ्यात डोळे चुरचुरले, तर समजावं, खत हवेत चाललंय.) हे भिजलेलं आच्छादन शेणासोबत रचलं, की ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, तणाचं बी बरंचसं मरतं. ढीग झाकावा मात्र. माझा पहिला पावसाने धुऊन नेला.

शेळ्यांचं एवढंच, की त्याच तुकड्यात रोज चारल्या तर गवताच्या बुडाशी असलेल्या जंतांच्या अळ्या पुन्हा पोटात जातात. गवत चार बोटं उरलं, की मी त्यांना पुढे हलवते. जनावरं किती ठेवायची, हे चाऱ्याने ठरवावं. तिसऱ्या गाईचा मोह मलाही दोनदा झाला होता.

– एक शेतकरीण