किडा चावला तर काय?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही जून-जुलैत इथे टेक्सासला असाल आणि किसिंग बगचा, म्हणजे रक्त पिणाऱ्या किड्याचा, मोसम नेमका तोच. बाबांनी फोनवर विचारलं होतं, "चावला तर काय?" नुसत्या चावण्याने चागास हा रोग होत नाही, होतो तो किड्याच्या विष्ठेने. आमचं बरंचसं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या रोगाचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा क्रुझी, किड्याच्या लाळेत नसतो, आतड्याच्या मागच्या भागात असतो. किडा रक्त पितो आणि तिथेच हगतो. झोपेत खाजवताना ती घाण जखमेत किंवा डोळ्यात गेली की परजीवी आत शिरतो. पोटातूनही जातो. २००५ साली ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात उसाच्या रसातून लोकांना लागण झाली होती. किडा किंवा त्याची घाण उसाबरोबर चरकात गेली असावी. इथल्या जाती रक्त पिऊन झाल्यावर बऱ्याचदा उशिरा हगतात, त्यामुळे माणसाला थेट लागण क्वचितच होते.

कुत्र्यांचं तसं नाही. कुत्रा किडा दिसला की मटकावतोच. म्हणून आम्ही कुत्र्यांचं रक्त तपासतो, आणि तेही दोन वेगळ्या चाचण्यांनी, कारण लीशमानिया या दुसऱ्या परजीवीविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे एकटी चाचणी फसवू शकते. कुत्र्याला लागण झालेली निघाली म्हणजे आसपास लागण असलेले किडे आहेत, एवढं कळतं. मोतीने चाटल्याने तुम्हाला काही होणार नाही, आईने उगाच धास्ती घेऊ नये. पिसवा-गोचिडांसाठी फ्लुरालानरची गोळी देतात, तिने कुत्र्याचं रक्त प्यायलेला किडाही मरतो. पण त्यात एक मेख आहे: मरायला टेकलेला किडा पळू शकत नाही आणि कुत्र्याच्या तोंडी आयताच पडतो. गोळीने लागण घटते की वाढते, हे म्हणूनच सरळ सांगता येत नाही.

दक्षिण अमेरिकेत ट्रायाटोमा इन्फेस्टन्स हा किडा मुख्यतः घराच्या भिंतींच्या फटीत राहतो, तिथे फवारणी लागू पडली. १९९७ साली उरुग्वेत आणि १९९९ साली चिलीत त्याच्याकडून होणारा प्रसार थांबल्याचं जाहीर झालं. इथे किडे राहतात रानउंदरांच्या बिळांत, आणि ओपोसम, रॅकून या रानटी प्राण्यांतही परजीवी असतो. घर फवारलं तरी रानातून नवे येतातच. कोंबड्यांना हा रोग होत नाही, पण त्यांच्या रक्तावर किडे पोसतात, त्यामुळे खुराडं घराला लागून नको.

माणसांत जुनाट लागण झालेल्यांपैकी २० ते ३० टक्के लोकांना, बहुधा अनेक वर्षांनी, हृदयाचा किंवा अन्ननलिका-आतड्याचा त्रास होतो. बेन्झनिडाझोल हे औषध ६० दिवस घ्यावं लागतं आणि ते जितकं लवकर तितकं उपयोगी. हृदय आधीच बिघडलेल्यांवरच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रक्तातला परजीवी घटला, हृदयाची घसरण मात्र थांबली नाही.

आता तुमच्यासाठी. रात्री व्हरांड्यातला दिवा बंद ठेवा, किडे उजेडाकडे उडत येतात. मोतीला आत झोपवा. किडा साधारण दोन-अडीच सेंटिमीटरचा, काळपट, डोकं निमुळतं, पोटाच्या कडेला नारिंगी पट्टे. सोंड बारीक आणि सरळ असते. सोंड जाड व वाकडी असेल, मागचे पाय पानासारखे पसरट असतील किंवा पाठीवर दातेरी चक्र असेल, तर तो दुसराच किडा.

बाबा, चप्पल उचलू नका. चिरडला की आतड्यातलं सगळं बाहेर येतं. प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी चढवून किडा पकडा, तशीच सुलटी करून तोंड बांधा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. उघड्या हाताने धरलात तर आणखी एक घोळ होतो. किड्याने कुणाचं रक्त प्यायलं हे आम्ही डीएनएवरून शोधतो, त्यात तुमच्या बोटांचा डीएनए मिसळला की किड्याने माणसाचं रक्त प्यायलं असं खोटंच दिसतं. जागा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेऊन पुसा. पिशवीवर तारीख, वेळ आणि किडा कुठे सापडला ते लिहा: घरात, अंगणात की मोतीच्या अंथरुणावर. अंथरुणावर सापडला तर मला त्याच दिवशी कळवा, मोतीचं रक्त तपासायचं ठरवू.

तुमची,
लेक