वेदनाशामक गोळीआड लपणारा ताप

माननीय संपादक,

गुडघ्याचे ऑपरेशन किंवा कर्करोगाचे उपचार घेऊन घरी परतलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा मॉर्फिन अनेकदा असते. झोप येईल, शौचाला खडा होईल, सवय लागू शकते, इतके नातेवाइकांना सांगितले जाते. अफूच्या कुळातली ही औषधे जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकदही कमी करू शकतात, हे मात्र राहून जाते. ठाण्यात पावसाळ्यात मलेरिया, डेंगी, लेप्टोचे रुग्ण वाढतात, तेव्हा तरी ते सांगायलाच हवे.

ही औषधे मेंदूत ज्या ग्राहींना (पेशींवरच्या औषध पकडणाऱ्या जागांना) चिकटतात, तसेच ग्राही रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरही असतात. मॉर्फिनमुळे जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावतात. आतड्याची हालचाल थंडावते, अस्तर कमकुवत होते आणि तिथले जंतू रक्तात शिरू शकतात. यातले बरेच पुरावे प्राण्यांवरील प्रयोगांतले आहेत आणि सगळी औषधे सारखी नाहीत: मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन यांचा परिणाम जास्त, तर ट्रामाडॉल व ब्युप्रेनॉर्फिनचा कमी दिसतो. माणसांतही इशारा मिळाला आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांत न्यूमोकॉकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूच्या गंभीर संसर्गाची शक्यता सुमारे 1.6 पट आढळली. मोठा डोस आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्या असतील तर ती आणखी वाढलेली होती.

घरी सर्वांत जास्त फसवणारी गोळी म्हणजे ट्रामाडॉल 37.5 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम एकत्र असलेली. तिच्यातले पॅरासिटामॉल ताप दाबते आणि घरच्यांना वाटते, सगळे ठीक आहे. म्हणून ताप मोजायचा तो पुढची गोळी देण्याच्या अगदी आधी. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. केमोथेरपी सुरू असेल तर थेट रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. ताप नसतानाही थंडी वाजणे, धाप लागणे, जखमेतून पू येणे किंवा रुग्ण बरळू लागणे, यांपैकी काहीही डॉक्टरांना कळवायला पुरेसे कारण आहे. 650 ची गोळी जोडीला देताना दोन्हींतल्या पॅरासिटामॉलची बेरीज आधी करा.

त्वचेवर चिकटवायची फेंटानिलची पट्टी असेल तर धोका दुहेरी असतो. शरीर 40 अंश सेल्सिअसपर्यंत तापले तर रक्तातले औषध सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकते आणि श्वास मंदावतो. अशा वेळी पट्टीवर गरम शेक मुळीच नको.

ही औषधे खोकल्याची उबळही दाबतात, त्यामुळे कफ छातीत साचतो. ऑपरेशननंतर जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास किंवा तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचे साधन), तोही बसून, हे टाळू नये. शौचासाठी आपल्याकडे हात लगेच इसबगोलकडे जातो, पण आतडेच थंडावलेले असताना, त्यातून पाणी कमी पोटात गेले तर, तो गोळा होऊन अडकू शकतो. सोनामुखी, बिसाकोडिल किंवा लॅक्ट्युलोज डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून सुरू करावे.

हे वाचून कुणी गोळी एकदम बंद करू नये. न शमलेली वेदनाही प्रतिकारशक्ती खालावते. शिवाय काही आठवडे रोज घेतलेली गोळी अचानक थांबवली की नाक गळणे, अंगावर काटा, जुलाब सुरू होतात आणि फ्लू झाल्यासारखे वाटते. डोस डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने उतरवून घ्यावा. औषध दीर्घकाळ चालणार असेल, तर न्यूमोकॉकसची व दरवर्षीची फ्लूची लस घ्यावी का, हेही त्यांना विचारावे.

ठाणे व नवी मुंबईतल्या रुग्णालयांना आणि औषधविक्रेत्यांना विनंती आहे, की डिस्चार्ज कार्डावर व गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत दोन ओळी छापा: ‘या औषधाने संसर्गाचा धोका वाढू शकतो. पुढची गोळी देण्याआधी ताप मोजा.’

– एक औषधविक्रेता, नौपाडा, ठाणे