सातपुड्यासाठी दिलेला पैसा पाड्यापर्यंत पोहोचू द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : खान्देशातील लोकसहभागी वन्यजीव संवर्धनासाठी देणगी स्वीकारण्याची कायदेशीर सोय करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

यावल आणि अनेर धरण ही दोन अभयारण्ये, तोरणमाळचा डोंगर आणि मुक्ताईनगरकडचा वढोदा-डोलारखेड्याचा पट्टा, ही खान्देशातली उरलेली मोठी जंगले. त्याला खेटून पावरा, भिल्ल आणि तडवी वस्त्या, खाली केळी आणि कापूस. डोलारखेड्याकडे वाघ केळीच्या बागांत वावरतात. १८८४ नंतर ज्याची एकही खात्रीची नोंद नव्हती, तो रानपिंगळा, हे दुर्मीळ छोटे घुबड, १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. ही संपत्ती गावे सांभाळतात आणि तिची झळही गावेच सोसतात. त्यांना मदत करायची इच्छा असलेले लोक आहेत, पण ती मदत घ्यायला हक्काची जागा नाही.

मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर या सहाही व्याघ्र प्रकल्पांना वन्यजीव कायद्यानुसार स्वतःचे प्रतिष्ठान आहे. पर्यटनाचे शुल्क आणि देणग्या तिथे जमा होतात आणि त्याच परिसरात खर्ची पडतात. किनारपट्टीसाठी शासनाने कांदळवन प्रतिष्ठान उभे केले. खान्देशात व्याघ्र प्रकल्प नाही, समुद्र नाही, म्हणून प्रतिष्ठानही नाही.

याचा परिणाम सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, पैशावर थेट होतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वनस्पती व प्राण्यांचे संरक्षण स्पष्ट लिहिले आहे. ही रक्कम बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायची तर त्या संस्थेकडे प्राप्तिकराची १२ए व ८०जी नोंदणी, कंपनी खात्याकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. जंगलावर सामूहिक हक्क मिळालेल्या गावाची वनहक्क समिती यात बसत नाही. मग पैसा दूरच्या शहरातल्या संस्थेकडे जातो आणि गावात काय हवे ते तिथे ठरते. फलक आणि सौर दिवे येतात. काही वर्षांत दिव्याची बॅटरी निकामी होते आणि ती बदलायची तरतूद कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. परदेशी देणगी गावाच्या समितीपर्यंत पोहोचवण्याचा रस्ता तर परदेशी देणगी कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. ज्या संस्थेला ती मिळते, तिला ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. गावाने स्वतः वर्गणी काढायची म्हटली, तर नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कार्यालयाची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी काढावी लागते. उत्सवापुरते ते ठीक, बारमाही कामाला ते पुरत नाही.

आता पैसा नेमका कशाला हवा, ते सांगतो. सगळ्यात आधी शेळीला.

बिबट्याने किंवा वाघाने शेळी-मेंढी मारली, तर शासन बाजारभावाच्या ७५ टक्के, कमाल १५ हजार रुपये देते. गाय, बैल, म्हशीला कमाल ७० हजार. त्यासाठी ४८ तासांत वनखात्याला कळवायचे आणि मेलेले जनावर जागेवरून हलवायचे नाही, अशी अट आहे. अट योग्य आहे, पण खरा धोका याच वेळात असतो. शिकारी जनावर दुसऱ्या रात्री आपल्या शिकारीवर परत येते. पैसा कधी मिळेल याचा भरवसा नसलेला आणि संतापलेला मालक त्या मढ्यावर फवारणीचे औषध टाकतो. मग वाघ-बिबट्या मरतोच, पाठोपाठ तरस, कोल्हे आणि गिधाडेही मरतात.

इथे देणगीचा पैसा कामी येतो. बाजारभावातला राहिलेला २५ टक्के वाटा पंचनामा झाला त्याच दिवशी गावाच्या निधीतून रोख द्यायचा. आठ हजारांची शेळी असेल, तर मालकाच्या हातात दोन हजार लगेच पडतात आणि सहा हजार शासनाकडून येतात. अट एकच, मढे जसेच्या तसे असले पाहिजे. पूर्ण रक्कम आगाऊ देऊन पुढे वसूल करायची पद्धत आम्ही सुचवत नाही. शासनाचे पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात, मग वसुलीवरून गावात भांडणे होतात आणि निधी आटतो. कानात बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाईच अडते, म्हणून पावसाळ्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला सोबत घेऊन बिल्ले मारायची शिबिरे घेणे, हाही याच निधीचा खर्च.

दुसरे काम वन्य प्राणी पडतात त्या उघड्या विहिरींचे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीला काठापासून दोन फूट मागे एक मीटर उंच आणि नऊ इंच जाड कठडा बांधायचा, तर सुमारे साडेपाच घनमीटर बांधकाम होते. पाया आणि गिलावा सोडून सुमारे पावणेतीन हजार विटा आणि सात-आठ पोती सिमेंट लागते. कठडा ढासळत्या काठावर उभारला, तर एका पावसाळ्यात आत जातो. म्हणून तो दोन फूट मागे, पक्क्या जमिनीवर हवा. मोटारीच्या पाइपसाठी ठेवलेल्या फटीवर जाळी बसवायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

रानपिंगळ्याला जुनी, ढोली असलेली झाडे लागतात. घरट्याची राखण करणाऱ्या पाड्यातल्या माणसाला मानधन द्यावे, पण ते घरटे दाखवल्याबद्दल नको, पिल्ले उडाल्यावर द्यावे. दाखवण्याचे पैसे मिळू लागले की छायाचित्रकारांची रीघ लागते, पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढले जाते आणि जोडी घरटे सोडते. अरुणाचल प्रदेशात ‘पक्के’ नावाच्या व्याघ्र प्रकल्पाभोवती धनेशाची घरटी शहरातले लोक वार्षिक देणगीतून दत्तक घेतात आणि न्यिशी जमातीचे गावकरी ती राखतात. २०११-१२ पासून हे चालू आहे. सातपुड्यातही हे जमेल.

महोदय, यासाठी नवा कायदा लागत नाही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४३ मध्ये स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे, आणि राज्य शासन ठरवील त्या इतर मार्गांनी आलेली रक्कमही त्यात जमा करता येते, असे तेच कलम सांगते. देणगी, सीएसआर आणि लोकवर्गणी हे ते मार्ग आहेत, असा शासन निर्णय आपण काढावा. जैवविविधता समित्या बहुतेक ग्रामपंचायतींत आहेत, पण कागदावर. खात्यात पैसा आला की त्या हलतील.

खाते मात्र नीट रचावे लागेल. सरपंच बदलला की सहीचा नमुना बदलायला महिने जातात आणि दोन वर्षे व्यवहार झाला नाही, तर बँक खाते निष्क्रिय करते. म्हणून सह्या पदाने असाव्यात : ग्रामपंचायत अधिकारी, जैवविविधता समितीचा अध्यक्ष आणि ग्रामसभेने निवडलेली एक महिला, तिघांपैकी दोन. पाच हजारांपर्यंतच्या खर्चाला वनखात्याची पूर्वपरवानगी नको, नाहीतर त्याच दिवशी द्यायचा पैसा महिन्याने मिळेल. जमाखर्च दर तिमाहीला ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि पाड्यावरच्या भिंतीवर लिहावा.

यासोबत धुळे, जळगाव आणि नंदुरबारसाठी शासनाने स्वतः एक संस्था नोंदवावी. शासनाने स्थापलेल्या संस्थेला सीएसआरसाठी तीन वर्षांच्या अनुभवाची अट लागत नाही, त्यामुळे ती पहिल्या वर्षापासून पैसा घेऊ शकते. तिच्या नियामक मंडळात निम्म्या जागा ग्रामसभांच्या असाव्यात आणि ज्या गावासाठी रक्कम आली ती त्याच गावाच्या निधीत जावी, हे संस्थेच्या घटनेतच लिहावे. रावेर-यावलच्या फ्रूटसेल सोसायट्यांना (केळी विकणाऱ्या सहकारी संस्थांना) क्विंटलमागे एक रुपया ऐच्छिक कपातीची विनंती करता येईल. केळीच्या दहा टनांच्या गाडीला ते शंभर रुपये होतात. त्याची छापील पावती त्याच दिवशी मिळाली पाहिजे, कारण पावती मिळाली नाही तर दुसऱ्या हंगामात कोणी देत नाही.

शासन निर्णयाचा मसुदा आणि संस्थेच्या घटनेचा आराखडा आम्ही तयार करून देऊ. आपण जळगावला तिन्ही जिल्ह्यांचे उपवनसंरक्षक, धर्मादाय सहआयुक्त आणि ग्रामसभांचे प्रतिनिधी यांची एकत्र बैठक लावावी. ती दिवाळीपूर्वी झाली, तर रानपिंगळ्याच्या याच विणीच्या हंगामात राखण सुरू करता येईल.

आपले,
सातपुड्याच्या पायथ्याशी वन्यजीव संवर्धनाचे काम करणारे कार्यकर्ते,
जळगाव, धुळे, नंदुरबार