काळा डाग पडलेले व्हॉल्व्ह फेकू नका

संपादक महोदय, स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या रेडिओंवरचा लेख आवडला, पण त्यातल्या दोन सूचना वाचून काळजात धस्स झाले. माळ्यावरचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा रेडिओ पुसून प्लग लावून बघा, ही एक. काचेला आतून काळा डाग दिसला की व्हॉल्व्ह गेला समजून फेकून द्या, ही दुसरी.

आधी दुसरीचे सांगतो. तो आरशासारखा काळपट-रुपेरी डाग म्हणजे बेरियमचा थर. आत उरलेली हवा शोषून घ्यायला कारखान्यातच तो दिलेला असतो. तो दुधासारखा पांढरा झाला तर मात्र समजावे की काचेतून हवा आत शिरली, व्हॉल्व्ह संपला. लेख वाचून कुणी धडधाकट जर्मन टेलिफुन्केन व्हॉल्व्ह कचऱ्यात टाकला नसेल, एवढीच आशा.

पहिल्या सूचनेची किंमत मी स्वतः मोजली आहे. वडिलांनी 1959 साली पणजीहून ग्रुंडिग हा जर्मन रेडिओ आणला होता. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य, त्यावर भारताची नाकेबंदी होती, तरी मुरगाव बंदरात परदेशी माल उतरतच होता. वडील गेल्यावर रेडिओ सात-आठ वर्षे माळ्यावर पडून राहिला. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) साफसफाईत मी तो खाली काढला, पुसला आणि थेट प्लग लावला. आवाज आला, घरातले सगळे मधल्या चौकात जमले. दहा मिनिटांत जळक्या मेणाचा वास सुटला. मागून डोकावलो तर ईएल 84 या स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या आतला करडा पत्रा निखाऱ्यासारखा लाल! दोष एका मेणकागदी कपॅसिटरचा. त्याने आवाज तेवढा पुढे सोडायचा आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेचे व्होल्टेज, अडवायचे. दमट हवेने तो गळका झाला, व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, नको ते व्होल्टेज गेले आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. नव्याने गुंडाळायला बेळगावला दिला, तो आठ महिन्यांनी हातात पडला. कपॅसिटर नवा घ्यायला जेमतेम चहाचे पैसे लागले असते.

तेव्हापासून कुठलाही जुना सेट आला की मेणकागदी कपॅसिटर आधी बदलतो, 630 व्होल्टचे पॉलिएस्टरचे घालतो. मागच्या पट्टीवरचा 110-220 चा खटका तपासतो. आमच्या मांद्र्यात रात्री अकरानंतर मीटरवर 245 सुद्धा दिसतात, त्यामुळे 240 ची खाच असेल तर तीच बरी. मग 60 वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्याच्यातून होऊनच रेडिओत जाईल असा, लावून वीज देतो. बल्ब लखकन पेटून मंद झाला तर ठीक; लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढायचा. एलईडी इथे चालत नाही. हा बल्ब हल्ली दुकानात सहजी मिळत नाही, मी देवघरातला काढून ठेवला आहे आणि त्यावरून बायकोची बोलणीही खाल्ली आहेत.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून सपाट करणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये. लेखात याचा उल्लेखच नाही, ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते.

समुद्रकाठच्या घरांसाठी थोडे. खाऱ्या हवेने व्हॉल्व्हच्या पिना हिरव्या पडतात. त्या सुरीने खरवडू नयेत, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. काच मात्र पुसू नका. मी हौसेने एक घासली आणि तिच्यावरचा नंबरच पुसला गेला. पावसाळ्यात प्लास्टिकचे आवरण घालू नये, आत वाफ कोंडते. त्यापेक्षा दुरुस्त सेट आठवड्यातून दोनदा तासभर चालवावा. व्हॉल्व्हची ऊब चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, कोरडा ठेवते. माझ्या ग्रुंडिगच्या मागच्या टीए लिहिलेल्या सॉकेटला रेकॉर्ड प्लेअर जोडून दर रविवारी गायिका केसरबाई केरकरांची तबकडी लावतो, ती त्यासाठीच, असे घरात सांगतो.

चवथ तोंडावर आली आहे. घरोघरी माळे झाडायला निघतील. त्याआधी चूकदुरुस्तीचे चार शब्द छापावेत, ही विनंती.

आपला एक जुना वाचक,
मांद्रे, पेडणे