एसओएस म्हणजे ‘सेव्ह अवर सोल्स’ नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातल्या ‘माहितीच्या’ चौकटीत तुम्ही पुन्हा तेच छापलंत, एसओएस म्हणजे सेव्ह अवर सोल्स. अहो, नाहीये ते तसं! एसओएसचा फुलफॉर्मच नाही. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, संकटातल्या जहाजाने मदतीसाठी मोर्सच्या टिंब-रेघांच्या लिपीत, मधे न थांबता एका दमात पाठवायचा एक इशारा आहे तो, कसल्याही गोंगाटात चटकन ओळखू यावा म्हणून निवडलेला. आधी जर्मनीने 1905 मध्ये नियमात घातला, मग 1906 च्या बर्लिनच्या परिषदेत सगळ्यांसाठी ठरला आणि 1908 पासून लागू झाला. ‘सेव्ह अवर सोल्स’ काय नि ‘सेव्ह अवर शिप’ काय, लोकांनी मागाहून चिकटवलेलं. त्याआधी जहाजांवरचे मार्कोनी या बिनतारी संदेशांच्या कंपनीचे ऑपरेटर मदतीसाठी सीक्यूडी पाठवायचे, तर त्याचंही लोकांनी ‘कम क्विक डेंजर’ करून टाकलं, जे तितकंच खोटं. टायटॅनिकवरून 1912 साली हे दोन्ही इशारे गेले होते. एवढं तरी चौकटीत यायला हवं होतं ना.

आता म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून पत्र कशाला. तर सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची दाढ काढली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन गोळ्या लिहिल्या, अँटिबायोटिकपुढे बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, आणि पेनकिलरपुढे एसओएस. बाबांनी आयुष्यभर तुमचाच पेपर वाचलेला, त्यामुळे एसओएस म्हणजे जीव धोक्यात, हे त्यांना पाठ! म्हणाले ही गोळी अगदी शेवटची, प्राणावर बेतलं तरच घ्यायची. आणि हा माणूस रात्रभर गाल धरून खुर्चीत बसून राहिला, गोळी समोर टेबलावर, आम्हाला उठवलंही नाही. सकाळी विचारलं तर म्हणे, एवढं काही मरणाचं दुखत नव्हतं.

चिठ्ठीवरचं एसओएस वेगळंच असतं, लॅटिनमधल्या ‘सी ओपुस सित’चं, म्हणजे गरज लागली तर घ्या. बस्स. दुखलं तर घे, नाही दुखलं तर नको, अर्थात डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त नाही. हे चार शब्द चिठ्ठीवर सरळ लिहायला काय होतं कळत नाही. आणि हे एकच नाही, ओडीचंच उदाहरण घ्या. गोळीपुढे लिहिलं तर दिवसातून एकदा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उजवा डोळा, आणि बातमीत आलं की ओव्हरडोस! उद्या डोळ्यात घालायच्या थेंबांपुढे नुसतं ओडी लिहिलं तर माणसाने काय समजायचं? इन्सुलिनच्या बाबतीत युनिटसाठी नुसता यू लिहिला आणि तो शून्यासारखा दिसला तर डोस दसपट होतो, म्हणून अमेरिकेत हॉस्पिटलांची तपासणी करणाऱ्या संस्थेने तो यू लिहायचाच नाही अशा यादीत टाकलाय. म्हणजे डॉक्टर मंडळींनाही माहीत आहे की यात घोळ होतो.

पण डॉक्टरांवरचा राग वेगळा, आज तुमच्याशी भांडण आहे. कारण त्या रात्रीनंतर मी बाबांना महत्प्रयासाने पटवलं होतं की तुमचा अर्थ चुकला. काल सकाळी त्यांनी चहाबरोबर तुमची चौकट माझ्यापुढे सरकवली आणि नुसते बघत राहिले. वर म्हणाले, छापून आलंय.

तेव्हा कृपया दुरुस्ती छापा. आणि हो, मागे शब्दकोड्याच्या उत्तराची दुरुस्ती तुम्ही जाहिरातीखाली मुंगीएवढ्या टायपात दिली होती, ती बाबांना भिंग घेऊनही सापडली नव्हती. ही दुरुस्ती चौकटीच्याच जागी आणि त्याच टायपात द्या, म्हणजे मला ती चहाबरोबर सरकवता येईल.

आपला,
एक जुना वाचक