दुपटं उजेडात नेणाऱ्यांचे आभार

गर्भाच्या 18-20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत यकृताखाली सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) दिसली, की पित्ताशय वेगळं शोधणाऱ्या, कलर डॉपलरने आत रक्तप्रवाह नसल्याची खात्री करणाऱ्या, माप मिलिमीटरमध्ये लिहिणाऱ्या डॉक्टरांचे आम्ही बालशल्यचिकित्सक ऋणी आहोत.

त्याहून जास्त ऋण सिस्टर आणि आशाताईंचं. दुपटं खिडकीपाशी नेऊन तुम्ही शीचा रंग पाहता. पांढुरकी, मातकट शी म्हणजे पित्त आतड्यात उतरत नाही. बाळाची कावीळ जन्मानंतर 14 दिवसांनीही टिकली, तर नुसतं कोवळं ऊन न सुचवता रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन (यकृतात प्रक्रिया होऊन पित्तात जाणारं पिवळं द्रव्य) तपासायला लावता. ते डेसिलिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर सिस्टबरोबर पित्तनलिकाच बंद असू शकते. अशा वेळी यकृताला थेट आतडं जोडणारी ‘कासाई’ शस्त्रक्रिया (जपानी सर्जनच्या नावाची) जन्मापासून 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहण्याची आशा बरीच जास्त. हे दिवस तुम्ही वाचवता. मनापासून आभार!